त्रिकोणमितीय सब्स्टिट्यूशन शिकवावे की तयार सूत्रे द्यावीत?

अंशछेद:
√(अ² − क्ष²), √(अ² + क्ष²) आणि √(क्ष² − अ²) असलेल्या इंटिग्रलची सूत्रे बारावीच्या मुलांकडून नुसती पाठ करून घेणे थांबले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. क्ष = अ साइन थीटा घेतले की १ − साइन² = कोसाइन² या ओळखीच्या नित्यसमानतेने पहिल्या रूपातले वर्गमूळ सुटते. कर्ण अ आणि थीटासमोरची बाजू क्ष असा काटकोन त्रिकोण काढला, तर तिसरी बाजू नेमकी √(अ² − क्ष²) असते आणि उत्तर परत क्षमध्ये आणायला तोच त्रिकोण पुरतो. हे स्वतःच्या हाताने केलेला विद्यार्थी सूत्र विसरला तरी अडत नाही.

समास:
हेतू मान्य आहे, निष्कर्ष पटत नाही. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे प्रत्येक वेळी त्रिकोण काढत बसणे परवडणारे नाही. शिवाय सब्स्टिट्यूशनही डोळे झाकूनच केले जाते. क्ष√(९ − क्ष²) समोर आले की वर्गमूळ पाहून मुले लगेच क्ष = ३ साइन थीटा लिहितात, वास्तविक ९ − क्ष² = य घेतल्यास काम दोन ओळींत संपते.

अंशछेद:
वेळेचा मुद्दा खरा आहे, परंतु अर्धवट सूत्राने उत्तरच चुकते. १/(क्ष√(क्ष² − १)) यासाठी अनेकांच्या वहीत नुसते ‘सेक इन्व्हर्स क्ष’ लिहिलेले असते. त्यात −२ पासून −√२ पर्यंतच्या मर्यादा घालून पाहा: ३/४ पाय (π) वजा २/३ पाय, म्हणजे धन पाय/१२. या संपूर्ण अंतरात क्ष ऋण असल्यामुळे फलही ऋण आहे, तेव्हा धन उत्तर शक्यच नाही. खरे उत्तर उणे पाय/१२ आहे. क्ष = सेक थीटा घेऊन सोडवताना टॅन² थीटाचे वर्गमूळ म्हणजे टॅनचे केवल मूल्य, आणि दुसऱ्या चरणात टॅन ऋण, हा विचार करावाच लागतो. पूर्ण सूत्रातला, म्हणजे ‘सेक इन्व्हर्स |क्ष|’ मधला, केवल मूल्याचा दंड कुठून आला, हे तिथेच समजते.

रेखावृत्त:
टॅनच्या सब्स्टिट्यूशनबद्दल कोणीच बोलले नाही. १/√(अ² + क्ष²) मध्ये क्ष = अ टॅन थीटा घेतले की सेक थीटाचे इंटिग्रल उरते. खलाशी वापरत त्या मर्केटरच्या नकाशात अक्षवृत्ते किती अंतरावर काढायची, हे ठरवायला हेच लागत होते. एडवर्ड राइटने १५९९ मध्ये बारीक तुकड्यांची बेरीज करून त्याची कोष्टके दिली, १६४० च्या दशकात हेन्री बाँडला ती टॅनच्या लॉगरिदमशी जुळताना दिसली आणि जेम्स ग्रेगरीची सिद्धता १६६८ मध्ये आली. आज आपण ‘सेक अधिक टॅनने गुणा आणि भागा’ एवढेच सांगतो. हेही पाठांतरच झाले. त्यापेक्षा क्ष = अ हायपरबोलिक साइन य घ्यावे, म्हणजे छेद सरळ कटतो आणि उत्तर य मिळते.

अंशछेद:
त्यासाठी मुलांना आणखी एक फलकुटुंब शिकवावे लागेल. त्याऐवजी आयझॅक बॅरोची १६७० मधली रीत दाखवावी. सेक म्हणजे कोसाइन/(१ − साइन²); साइन = य घेतले की १/(१ − य²) उरते, आणि आंशिक अपूर्णांक तर बारावीत येतातच.

समास:
बॅरोची रीत मीही वर्गात दाखवीन. मात्र क्रम माझाच ठेवीन: आधी सूत्र वापरून हात बसू द्यावा आणि त्याची सिद्धता त्याच आठवड्यात मुलांकडून फळ्यावर करून घ्यावी.