कॅन्सरच्या लॅबमधून आलेल्या मॅडम आणि दहावीचा पोर्शन

गोदाकाठ: लेकीच्या शाळेत (गंगापूर रोडला आहे, नाव नको) यंदा विज्ञानाला नव्या मॅडम आल्यात. आधी कॅन्सरच्या लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम करायच्या. सूत्री विभाजन (एका पेशीच्या दोन पेशी कशा होतात ते) त्यांनी फळ्यावर काढलंच नाही. कांद्याला पाण्यावर मुळं फुटू दिली, टोकं कापून ॲसिटोकार्मिननं रंगवली, काचपट्टीवर अंगठ्यानं दाबून मायक्रोस्कोपखाली! मग सांगितलं, सदाफुलीतून मिळणारं कॅन्सरचं औषध व्हिनक्रिस्टीन तर्कुतंतू (विभागताना गुणसूत्रं दोन्हीकडे ओढणारे धागे) बनूच देत नाही, म्हणून पेशी विभागताना अडकते आणि मरते. केसांच्या मुळाशीही पेशी भराभर विभागतात, त्यामुळे किमोत केस जातात. आमच्या जाऊबाईंची किमो चालू आहे. त्या दिवशी लेक आपणहून काकूजवळ जाऊन बसली. पालकसभेत मात्र एकच ओरड, पोर्शन मागे पडला. तुम्हाला काय वाटतं?

सिडकोवाला: ओरडणाऱ्यांत मीही धरा. बोर्डाला अवस्थांच्या आकृत्या विचारतात, काकूचे केस नाही. राहिलेले धडे शेवटी क्लासवाल्याच्याच गळ्यात. त्याची फी मॅडम भरणार का?

निफाडचा कांदा: सिडकोवाले, मध्यावस्था (विभाजनाची एक पायरी) ज्यानं मायक्रोस्कोपखाली स्वतः शोधली तो आकृती चुकेल होय? बाकी आमच्या कांद्याला भाव नाही तर नाही, निदान मार्क तरी मिळू द्या.

निवृत्त_मास्तर: शोधायला वेळ लागतो हो. मुळाच्या टोकातही एका वेळी थोड्याच पेशी विभागत असतात, आणि टोक सोडून वरचा भाग कापला तर काहीच दिसत नाही. साठ पोरं, दोन मायक्रोस्कोप, पस्तीस मिनिटांचा तास. अनुभव मॅडमकडे आहे, शाळेकडे सोय नाही. पण माझा आक्षेप वेगळाच. सदाफुली दारोदारी आहे, मधुमेहावर तिची पानं चावणारे आजोबा गल्लोगल्ली आहेत. पोरानं घरी अर्धंच सांगितलं तर?

गोदाकाठ: सर, ते त्यांनी बजावलंय. औषध शुद्ध करून, मोजून, शिरेतूनच देतात. पान चावणं म्हणजे विषाशी खेळ. वहीत लाल पेनानं लिहून घेतलंय.

आडगावकर: हेला पेशींबद्दलही सांगायला सांगा. 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या रुग्ण बाईच्या कॅन्सरच्या गाठीतून त्या घेतल्या, तिला न विचारता. बाई त्याच वर्षी गेली, पेशी आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढताहेत.

सिडकोवाला: घ्या, आता इतिहासही विज्ञानाच्याच तासाला! कांदा शनिवारी शाळा सुटल्यावर ठेवा, मी स्वतः पोराला सोडायला येतो. रोजच्या तासाला धडा.

गोदाकाठ: शनिवारचं विचारते. पण मग क्लासला दांडी चालेल ना?