बीएस्सी अर्धवट सोडून एमबीबीएस: टीसीचं काय करायचं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

माझी भाची नांदेडला बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करते, दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच झाली. कॉलेज सांभाळून तिने पुन्हा ‘नीट’ (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दिली आणि यंदा सरकारी कॉलेजची आशा धरावी असे मार्क आहेत. प्रॅक्टिकलची जर्नल्स आणि एनसीईआरटीची पुस्तकं एकाच दप्तरात वागवून पोरीने हे केलंय. एका कागदापायी सीट जाऊ नये, एवढंच वाटतं.

पात्रतेची अडचण नाही. ती बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीवर ठरते. पदवी पूर्ण असण्याची अट नाही आणि वयाची वरची मर्यादाही आता नाही. घोडं अडलंय टीसीवर, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावर. बारावीची मूळ टीसी बीएस्सीच्या प्रवेशावेळी जमा झाली. ऑफिसात म्हणतात, आधी प्रवेश रद्द करा, मग टीसी मिळेल. पण सीईटी सेलच्या (राज्यातले मेडिकलचे प्रवेश करणारी सरकारी यंत्रणा) फेऱ्यांत नंबर लागलाच नाही तर हातचं बीएस्सीही जाईल!

कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सांगा. सीट मिळाल्यावर रिपोर्टिंगला, म्हणजे कॉलेजात हजर होताना, टीसी नंतर देतो म्हणून मुदत मिळते का? बीएस्सीच्या वर्षांसाठी गॅपचं (शिक्षणात खंड पडल्याचं) प्रतिज्ञापत्र मागतात का? ऑल इंडियाच्या १५ टक्के कोट्यातही अर्ज भरतोय, तिथला अनुभवही चालेल.

शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. तो आधी पदरात पाडून घ्यावा का? माझं मत घ्यावा असंच आहे, पण त्यात टीसी आणखी लांबली तर?