प्रति: संघाची वर्गणी कशासाठी भरायची?

आपल्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघाबद्दल एकांनी विचारलंय की वर्षाला एक अधिवेशन, हारतुरे आणि अनुदानवाढीचा ठराव, एवढ्यासाठी वर्गणी का भरायची? प्रश्न रास्त आहे. पण अनुदानाची मागणी सोडून चालणार नाही. महाराष्ट्राच्या १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली ग्रंथालयांचे अ-ब-क-ड वर्ग ठरतात, वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं, आणि त्यावरच आमचं मानधन टांगलेलं आहे. शिवाय जिल्हा ग्रंथालय संघात सभासद असतं ते ग्रंथालय. काउंटरवर बसणारा माणूस त्यात कुठे असतो? त्याच्यासाठी आपला हा संघच.

मला संघाकडून हवंय ते रोजच्या कामातलं. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून आहे, म्हणजे इथे ग्रंथालयांची परंपरा काही कालची नव्हे. तरी आज प्रत्येक जण 'कोहा' या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच मराठी पुस्तकांच्या नोंदी नव्याने टाइप करत बसतो. एकाकडे 'कुसुमाग्रज', दुसऱ्याकडे 'शिरवाडकर, वि. वा.', तिसऱ्याकडे 'शिरवाडकर विष्णु वामन'. वाचकाने एका नावाने शोधलं की निम्मी पुस्तकं गायब! लेखकनामांची एक प्रमाण यादी करून तयार नोंदी सभासदांना दिल्या, तर वर्गणी मी दुप्पट देईन. हे काम एकट्यादुकट्याचं नाहीच, संघाचंच आहे.

आणि सभा कृपया दुपारी ठेवा, ठाणे स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जागी. वाशी-नेरूळवाले ट्रान्स-हार्बरने येतील, बदलापूरवाले मेन लाइनने. संध्याकाळी आमचं देवघेवीचं काउंटर उघडं असतं, तेव्हा सभा ठेवली की खुर्चीवर पदाधिकारीच दिसणार.