शॅकलटनसारखा मीडियम पेसर आपल्या मॅटवर चालेल का?

निपाणीकर
नमस्कार मंडळी. क्लबात १७ वर्षांचा एक पोरगा आहे. उंच, अॅक्शन स्वच्छ, पण वेग नाही. ताशी ११५ किमीच्या पुढे जाईल असं दिसत नाही. जो तो त्याला "रनअप वाढव, जोर लाव" म्हणून सांगालाय. हॅम्पशायरच्या डेरेक शॅकलटननं मीडियम पेसवर, म्हणजे मध्यम वेगाच्या बोलिंगवर, वीस वर्षं कौंटी (इंग्लंडमधलं देशांतर्गत क्रिकेट) गाजवली म्हणतात. त्याचं नेमकं काय होतं? इंग्लंडच्या ओल्या विकेटची (पिचची) कमाई म्हणून सोडून द्यायचं, की आपल्या काथ्याच्या मॅटवर त्यातलं काही चालतं? पाऊस उघडला की लेदर बॉलच्या मॅचेस सुरू होतील, तोवर तयारी करून घ्यायची आहे.

जुना स्कोअरर, टिळकवाडी
आधी आकडे बघा. फर्स्ट क्लासमध्ये (वरच्या दर्जाच्या, अनेक दिवसांच्या मॅचेस) २,८५७ विकेट्स, एका विकेटमागे सरासरी १८.६५ रन. १९४९ ते १९६८ सलग वीस सीझन शंभर किंवा जास्त विकेट्स. एकूण दीड लाखाहून जास्त बॉल टाकले, म्हणजे सीझनला सरासरी हजाराच्या वर ओव्हर्स, आणि ओव्हरला जेमतेम दोन रन. माझ्या मते खरी गोष्ट या दोन रनांत आहे. समोरच्याला रन मिळत नाहीत, मग तो नको तो बॉल मारायला जातो.

गडी यॉर्कशायरच्या टॉडमॉर्डनचा. हॅम्पशायरकडे आला तो बॅट्समन आणि लेगस्पिनर म्हणून. क्लबाला सीमर (शिवणीवर बॉल टाकणारे बोलर) कमी पडले म्हणून त्याच्या हातात नवा बॉल दिला. १९५५ मध्ये वेस्टन-सुपर-मेअरला सॉमरसेटविरुद्ध एका डावात ४ रनांत ८ विकेट्स. १९६१ मध्ये हॅम्पशायर पहिल्यांदा चॅम्पियन झाली तेव्हाही मुख्य बोलर हाच.

टेस्ट मात्र फक्त सात, विकेट्स १८. त्यातली गंमत १९६३ची. जवळजवळ बारा वर्षांनी, ३८व्या वर्षी वेस्ट इंडिजविरुद्ध लॉर्ड्सवर परत बोलावलं, तर पहिल्या डावात चार बॉलमध्ये तीन विकेट्स काढल्या. त्याच मॅचच्या शेवटच्या ओव्हरमध्ये तो रनआऊट झाला आणि हात मोडलेला इंग्लंडचा बॅट्समन कॉलिन काउड्री प्लास्टरसकट मैदानात उतरला. क्रिकेटवाल्यांना तो काउड्री आठवतो, शॅकलटन आठवत नाही.

खानापूर सीमर
अण्णा, आकडे मान्य. पण त्या काळी कौंटीत विकेट झाकत नव्हते. रात्री पाऊस, सकाळी ऊन, की बॉल कसाही उसळायचा. आपल्या तांबड्या मुरमावरच्या मॅटवर तसलं काय मिळणार?

मॅट आणि मुरूम
ओल्या विकेटचा फायदा होताच, पण तो सगळ्याच बोलरना होता. सलग वीस सीझन दुसऱ्या कुणाला जमले? कोरड्या विकेटवरही रन न देणं हे त्याचं कसब.

आता मॅटचं. तीन गोष्टी बदलाव्या लागतात.

टप्पा. टर्फवर (गवताच्या पिचवर) या वेगाच्या बोलरचा गुडलेंथ, म्हणजे योग्य टप्पा, बॅट्समनच्या स्टंपपासून साधारण ६-७ मीटर. मॅटवर तोच बॉल स्टंपांवरून जातो, कारण खाली दाबलेला मुरूम कडक असतो. टप्पा एक लांब पाऊल पुढे, बॅट्समनकडे, टाकायला लावा. बॅट्समन न ठेवता सहा बॉल टाकून बघा. बेलच्या वर वीतभर गेला तो आखूड. त्याखाली राहणारा बॉल जिथं पडतो त्या जागी खडूनं पट्टा ओढा आणि रोज तिथंच टाकायला सांगा. स्टंप लावायचे ते ऑफ आणि मिडल, लेग नकोच.

स्विंग, म्हणजे बॉल हवेत वळणं. काथ्यावर चामडं लवकर खरवडतं. दहा ओव्हर्सनंतर स्विंगवर भरवसा ठेवू नका. पण तोच काथ्या बॉल पकडतो, म्हणून कटर (बोटं ओढून टाकलेला, टप्प्यावर वळणारा बॉल) चालतो. ऑफकटरला शिवणीवर पहिलं बोट (अंगठ्याशेजारचं) घट्ट, सोडताना ते खाली ओढायचं आणि मनगट दाराची मूठ उजवीकडं फिरवावी तसं. पोरं हमखास चुकतात ती इथं: कटर टाकताना हात मंदावतो आणि बॅट्समनला आधीच कळतं. हात त्याच वेगानं यायला हवा. ग्लॅमॉर्गनचा डॉन शेफर्ड आधी साधा सीमरच होता. ऑफकटरकडे वळला आणि १९५६ मध्ये १७७ विकेट्स घेतल्या. कारकिर्दीत २,२१८ विकेट्स, तरी टेस्ट एकही नाही.

बॉल. सरावाला टू-पीस (चामड्याच्या दोन तुकड्यांचा) चालेल, पण मॅचआधी दोन आठवडे फोर-पीस (चार तुकड्यांचा) द्या. टू-पीसची शिवण लवकर बसते आणि पोरगं म्हणतं सीमवर काही होत नाही.

निपाणीकर
एक अडचण आहे. आमच्या मैदानात मॅट पॉपिंग क्रीजच्या (बोलरचा पुढचा पाय पडतो त्या रेषेच्या) पुढं सुरू होते. बोलरचा पुढचा पाय उघड्या मातीवर पडतो आणि अर्ध्या दिवसात खड्डा होतो.

मॅट आणि मुरूम
मग आधी तोच खड्डा बघा. मॅचआधी ती जागा ओली करून चाळलेला मुरूम थर-थर घालून धुम्मसानं ठोका, लंचलाही पुन्हा ठोका. ओला मुरूम एकदम भरला तर वरचा थर सुकतो, खाली पोकळ राहतं. स्पाइक्स नकोत. ते माती उकरतात आणि मॅटमध्ये अडकतात. रबरी तळाचे बूट घ्या. मॅटच्या कडेचे खिळे दर ब्रेकला तपासा. एक कोपरा उचलला की बॉल भलतीकडं जातो आणि बॅट्समनच्या तोंडावर येऊ शकतो.

जुना स्कोअरर, टिळकवाडी
आणि अलीकडचं उदाहरण हवं असेल तर मिडलसेक्सचा टिम मर्टा. वेग मध्यमच. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर आयर्लंडकडून १३ रनांत ५ विकेट्स घेतल्या, इंग्लंड ८५ ऑल आऊट. तेव्हा विकेट झाकलेलीच होती, खानापूरकर!

खानापूर सीमर
बरं राव, हरलो. पण शॅकलटनचे हजार ओव्हर्स वाचून पोराला रोज राबवू नका. इंग्लंडच्या बोर्डाची १६-१७ वयाच्या फास्ट बोलरसाठीची मर्यादा एका स्पेलला ७ ओव्हर्स आणि दिवसाला १८. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त टाकायचं नाही, आठवड्यात चार दिवस पुरे. मीडियम पेसर असला तरी कंबरेचं हाड या वयात कच्चंच असतं. टेनिस बॉलच्या रात्रीच्या टुर्नामेंटमध्ये टाकलेल्या ओव्हर्सही त्यातच धरा, त्या कोण मोजत नाही.