'दुधना' गाडी काळ्या रानात चालली असती म्हणे!

मोंढेकरी, जालना:
परवाची 'दुधना'ची कथा वाचली. 1942 साली जालन्यात घडवलेली कल्पित सहाचाकी चिलखती गाडी, अन् म्हणे काळ्या रानात रणगाड्यालाही मागं टाकते. कल्पना करा, पण माती तरी खरी ठेवा की राव! जालन्याचे लोखंडी सळयांचे कारखाने फार नंतरचे. त्या युद्धात भारतात बनलेल्या चिलखती गाड्यांना चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, कॅनडाहून यायची, पत्रा टाटांचा. म्हणून तर त्यांना 'टाटानगर' म्हणायचे. अन् मृग बरसला की टायरच्या नक्षीत चिखल बसून टायर गुळगुळीत होतो. मग चाकं सहा असोत की सोळा, जागेवरच फिरणार.

बोरीकाठ:
त्याच युद्धातल्या जर्मनांच्या 'पूमा' चिलखती गाडीला आठ चाकं, आठांनाही जोर, आठही वळायची. आणि 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून भारताची फौज नळदुर्गावर आली, 17 ला निजाम शरण. पावसाळाच होता ना?

मोंढेकरी:
आली सडकेनं! सडकेवर चाक भारी, घ्या, दिलं लिहून. कथेतली गाडी तर रानातून शत्रूच्या पाठीमागं जाते.

पांदणवाला, सेलू:
सडकेचं काय घेऊन बसलात? आमच्या पांदणीत आषाढात ट्रॅक्टर रुतला. ओढायला दुसरा आणला, तोही बसला. फावड्यानं चाकं खरवडून हात सोलले, शेवटी बैल लावले. शेजाऱ्यानं बांध कोरून पांदण पार बैलगाडीपुरती केलीय. अर्ज देऊन ठेवलाय, नुसत्या तारखा पडायल्यात.

बोरीकाठ:
बांध काय एकटा शेजारीच कोरतो व्हय?

पांदणवाला:
तोंड सांभाळून बोला! मोजणी आणा, माझा बांध वीतभर सरकला असंल तर रान तुमच्या नावावर करतो.

मोंढेकरी:
अहो, गाडीचं बोला गाडीचं!

पांदणवाला:
तुमची गाडी खोटी, माझी पांदण खरी.

परतूरची लेक:
भांडा खुशाल. पण सोयाबीन भिजल्यावर चाकाऐवजी रणगाड्यासारख्या चेनवर चालणारा हार्वेस्टर शोधत कोण फिरतं? तुम्हीच ना? तिथंच निकाल लागला की.

कथालेखक:
बरं बाबांनो, तुम्ही सगळे सेनापती. लढाई चैत्रात नेतो. भेगेत चाक अडकलं तर पुन्हा माझ्या अंगावर येऊ नका.

पांदणवाला:
चैत्रात येणारच असाल तर येताना दोन टिप्पर मुरूम घेऊन या. आणि ते बांधाचं बोलणारे कुठं गेले?