जुना एसी दुरुस्त करायचा का भंगारात घालायचा? (हिशेबी साहेबांना उत्तर, जरा लांबलंय)

परभणीचा_उन्हाळा:
परवा हिशेबी_माणूस यांनी लिहिलं, "8 वर्षांवरचा एसी दुरुस्त करणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल. विका, 5 स्टार घ्या, दोन उन्हाळ्यांत पैसे वसूल." दोन दिवस गप बसलो पण डोक्यातून जाईना म्हणून लिहायलोय.

माझा एसी 2013 चा, दीड टन, 3 स्टार, आर-22 गॅसवाला. यंदा गार हवा येईना. हिशेबच करायचा तर करू की. वायरमनकडून एसीला वेगळा मीटर बसवून घेतला. रात्री 10 ते पहाटे 4 चालवतो, 8 युनिट पडतात. मेव्हण्याचा नवा 5 स्टार, खोली तेवढीच, डोक्यावर स्लॅब तसाच, त्याचे साडेचार पडतात. म्हणजे रात्रीचे साडेतीन वाचले. मार्चअखेर ते मृग 80 रात्री धरा, 280 युनिट झाले, 12 रुपयांनी 3,360. नवा फिटिंगसकट 46,000 ला पडतो. भागाकार तुम्हीच करा, मला 13 वर्षांच्या वर येतंय. दोन उन्हाळे कुठून काढले? तर ते स्टिकरवरून. स्टिकरवरचा युनिटचा आकडा वर्षाला 1600 तास एसी चालला असं धरून काढलेला असतो. माझे 480 तास होतात. 1600 तास एसी चालवायला मी काय बँक आहे का.

हिशेबी_माणूस:
आकडेमोड छान आहे, फक्त सोयीची आहे. 12 रुपये कुठले? महिन्याला 300 युनिटच्या वर गेलं की रेट उडी मारतो. वाचणारं युनिट हे सगळ्यात वरचं असतं, खालची स्वस्त युनिटं फ्रीज-पंख्यातच संपतात. माझ्या मेच्या बिलात सगळे आकार धरून वरचं युनिट 15 च्या पुढं पडलंय. आणि तुमचे ते 3 स्टार 2013 चे. 2018 ला स्टार द्यायचं टेबल बदललं, जुलै 2022 ला परत बदललं, आजच्या मापानं तुमच्या मशीनला एक स्टार मिळाला तरी पेढे वाटा. जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 28 चा 18 झालाय, अजून कशाची वाट बघायलात? आणि हो, दुरुस्तीवर आजवर किती घातले ते सोयीस्कर लिहिलं नाही.

परभणीचा_उन्हाळा:
15 नं करा, 4,200. तरी 11 वर्षं लागतात, दोन नाही. दुरुस्ती म्हणाल तर कॅपॅसिटर 400, गॅस 2,500, गेल्या साली परत गॅस 2,800. झालं समाधान? दुकान आहे का हो तुमचं?

हिशेबी_माणूस:
दोनदा गॅस. वाचा मंडळी, दोनदा. दुकान नाही माझं, पण असतं तर तुमच्यासारखं गिऱ्हाईक जपून ठेवलं असतं.

फ्लेअर_नट:
जालन्यात 17 वर्षं हेच काम करतो म्हणून बोलतो. गॅस हा गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नसतो, तो गळतो. दोनदा भरला म्हणजे दोन्ही वेळा भोक तसंच ठेवून पैसे घेतले, आमच्याच धंद्यातली माणसं आहेत, काय बोलावं. आधी नायट्रोजनचं प्रेशर मारायचं, साबणाचा फेस लावून बघायचं, गळती काढायची, मग व्हॅक्यूम, म्हणजे पाइपातली हवा ओढून काढायची, आणि शेवटी गॅस. नटापाशी गळत असेल तर नवीन फ्लेअर (पाइपाचं पसरवलेलं तोंड) काढला की अर्ध्या तासाचं काम. पण इनडोअरची कॉईल सडली असेल तर सोडून द्या, एक भोक वेल्डिंगनं बुजवलं की चार बोटांवर दुसरं निघतं, आणि 2013 ची कॉईल आता आणायची कुठून. बाथरूमचा वास वर सोडणाऱ्या गॅसपाइपाशेजारी मशीन असेल तर हमखास सडते.

आर-22 ची नवी मशीन बनवायला 1 जानेवारी 2025 पासून देशात बंदी आहे. सर्व्हिसिंगला गॅस मिळतो, पण 2030 नंतर नावालाच राहील. कोणी म्हणलं की त्यातच नव्या एसीतला आर-32 टाकून देतो, स्वस्तात होईल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. प्रेशर दीडपटीच्या वर, ऑइल वेगळं, आणि तो गॅस पेट घेतो.

गोदाकाठची_सून (नांदेड):
नव्या एसीचं कौतुक करणाऱ्यांनी माझं ऐकावं. सासूबाई अंथरुणावर, म्हणून 2024 च्या मार्चात नवा इन्व्हर्टर 5 स्टार घेतला. पुढच्या मेमध्ये वावधन सुटलं, डीपीवर जाळ दिसला, लाईट गेली आली गेली आली आणि एसीचा बोर्ड गेला. कार्डावर मोठ्या अक्षरात 10 वर्षं. ती कॉम्प्रेसरची. बोर्डाचं एकच वर्ष, ते संपून दोन महिने झालेले. 8,700 रुपये आणि 11 दिवस! त्या 11 दिवसांत सासूबाईंच्या पाठीला ओला टॉवेल लावून वारा घालत बसले मी. माहेरचा 2011 चा डबडा एसी त्याच उन्हाळ्यात घरघरत चालू होता, त्यात बोर्डच नाही जाण्यासारखा.

हिशेबी_माणूस:
ताई, वाईट वाटलं. पण स्टॅबिलायझर नव्हता का लावला?

गोदाकाठची_सून:
दुकानदार म्हणला स्टॅबिलायझर फ्री ऑपरेशन आहे, गरज नाही. तुमच्यासारखाच हिशेबी होता.

उगाच_एक:
😂😂 आता लावला का ताई

गोदाकाठची_सून:
लावला. 3,200 चा. तो धरा की हिशेबात.

माळवद:
सगळ्यांचं वाचलं. मुळात एसीच कशाला लागतो? आमच्या लहानपणी औशाकडं दगडाच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर सागाचे सरे, त्याच्यावर फळ्या अन हातभर पांढरी माती. मे महिन्यात दुपारी आत गोधडी लागायची. तुम्ही पाच इंची स्लॅब टाकायचा, दिवसभर तो तव्यासारखा तापू द्यायचा अन रात्री त्याच्याखाली दीड टन लावून झोपायचं. निदान कूलर लावा. आमची कोरडी हवा कूलरसाठीच आहे.

परभणीचा_उन्हाळा:
काका, कूलरला पाणी लागतं. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसाला येतो. 70 लिटरची टाकी रात्रीतून संपते. धुण्याला ठेवू का कूलरला पाजू?

माळवद:
पाण्याची काटकसर आम्हाला शिकवू नका, आम्ही लातूरकडचे आहोत. एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत 5 लाख लिटर, तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभा होतो मी. तरी कूलर चालवला, आंघोळीचं पाणी गाळून.

उगाच_एक:
आंघोळीच्या पाण्याच्या वाऱ्यात झोपायचे 🙏 दंडवत

किल्लारीचा_पाव्हणा:
माळवदाचं, म्हणजे त्या मातीच्या छताचं, कौतुक करणाऱ्यांना एक विचारायचंय. किल्लारीचा भूकंप, 30 सप्टेंबर 1993, विसर्जनाची रात्र, पहाटे 4 च्या आधी. त्या हातभर मातीनं अन त्या दोन हात भिंतीनं काय केलं माहीत आहे ना? मातीत रचलेले गोल धोंडे होते ते, हलले की सुटे झाले अन वरची सगळी माती छातीवर. माझी आत्या अन तिची दोन लेकरं त्या गारव्यातच गेली. गोधडी लागायची म्हणे.

माळवद:
माझं पण घर तिकडंच होतं. पडलं. मला सांगू नका. माती वाईट नव्हती, दरसाली वर नवी माती टाकून टाकून वजन वाढवलं लोकांनी, अन बांधणीत भिंत आरपार बांधून धरणारे जोडदगड ठेवले नाहीत.

किल्लारीचा_पाव्हणा:
हाच शहाणपणा 30 वर्षं ऐकायलोय. नंतर पत्र्याची अन सिमेंटची घरं मिळाली, उन्हाळ्यात भट्टी होते, तरी आमची म्हातारी म्हणायची भट्टी परवडली, वर बघून झोप तर लागते. ज्यानं माती उपसली त्याला गारवा शिकवू नये.

हिशेबी_माणूस:
धागा एसीचा आहे ना?

किल्लारीचा_पाव्हणा:
तुमचा 5 स्टार घ्या अन गप झोपा तुम्ही.

माळवद:
पाव्हणे, मी चिडून बोललो. आत्याबद्दल माहीत नव्हतं. पण स्लॅबबद्दल बोललो ते बदलणार नाही. गच्चीवर चुन्यात फेव्हिकॉल घालून दोन हात मारा, वर हिरवी जाळी बांधा, मग एसी जुना का नवा ते बोला.

परभणीचा_उन्हाळा:
चुना गेल्या वर्षी मारला होता काका, पहिल्या पावसात अर्धा वाहून गेला आणि शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीवर ठिपके. पण खरं आहे, तो होता तोवर पंखा तरी गरम हवा फेकत नव्हता.

हिशेबी_माणूस:
माझं म्हणणं लोकांनी मोडतोड करून घेतलं. दोन उन्हाळे हे 24 तास एसी लावणाऱ्यांसाठी होतं.

उगाच_एक:
हे "24 तास" आत्ता उगवलं

हिशेबी_माणूस:
बरं, लिहायचं राहिलं. रात्रीपुरता वापर असेल तर नुसत्या बिलासाठी नवा घेणं परवडत नाही, मान्य. पण तुमचा एसी दोन-तीन वर्षांत जाणारच आहे, मग आज 6,000 घालून उद्या 46,000 घालणार, हे कुठलं शहाणपण?

परभणीचा_उन्हाळा:
बरं, हालहवाल. फ्लेअर_नट भाऊंनी सांगितलं तसं नायट्रोजन मारायला लावलं. आधीचा मेकॅनिक म्हणाला "उगं कशाला, गॅस भरला की झालं", त्याला परत पाठवला. दुसरा आणला. आउटडोअरच्या मागच्या नटापाशी फेस आला, करंगळीच्या नखाएवढा बुडबुडा, फुगतो अन फुटतो, फुगतो अन फुटतो. तेवढ्यापायी दोन वर्षांत 5,300 हवेत गेले. फ्लेअर, व्हॅक्यूम, गॅस सगळं मिळून 3,600. काल रात्री आईनं चादर मागितली.

आता हिशेबी साहेबांच्या आनंदासाठी. जाताना त्या पोरानं आउटडोअरच्या जाळीला बोट लावलं तर खालच्या रांगेच्या पत्र्या पापडासारख्या चुरा होऊन हातात आल्या. म्हणाला, काका, एक उन्हाळा, फार तर दोन, मग मला फोन करू नका.

हिशेबी_माणूस:
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

परभणीचा_उन्हाळा:
फ्रेम करा. तोवर 46,000 माझ्या एफडीत आहेत.

गोदाकाठची_सून:
फ्लेअर_नट भाऊ, नांदेडला येता का? माहेरच्या एसीचा आवाज वाढलाय, आणि इथं ज्याला विचारावं तो नवीनच घ्या म्हणतो.

फ्लेअर_नट:
मंठ्याच्या पुढं येत नाही ताई, सिलिंडर मोटरसायकलवर बांधून नेतो मी. आवाज टकटक आहे का घरघर ते सांगा. घरघर असेल तर आधी आउटडोअरच्या पंख्याचे स्क्रू आवळून बघा, पण एमसीबी पाडून.