हाताने घडवलेली जुन्या लेस पॉलची प्रतिकृती: सोलापुरात घ्यावी का आणि सांभाळावी कशी?

जुळे_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. मी अनेक वर्षे सोलापुरातील एका वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. लग्नसमारंभ, गणेशोत्सव आणि अधूनमधून हुतात्मा स्मृती मंदिरातील कार्यक्रम असे आमचे काम असते. गिब्सन या अमेरिकी कंपनीच्या १९५९ सालच्या लेस पॉल स्टँडर्ड या इलेक्ट्रिक गिटारीच्या आवाजाची मला फार ओढ आहे. परंतु १९५८ ते १९६० या काळात सनबर्स्ट (मध्ये पिवळसर, कडेला लालसर गडद) रंगाच्या जेमतेम दीड हजारांच्या आसपास गिटारी तयार झाल्या आणि आज त्यांतील एकेकीची किंमत लाखो डॉलरमध्ये सांगितली जाते, त्यामुळे मूळ वाद्य हाती येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वर्षाला मोजक्याच गिटारी स्वतः घडवणारा एक कारागीर जुन्या मापांबरहुकूम प्रतिकृती करून देण्यास तयार आहे. किंमत लाखाच्या पुढे असून निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागेल.

पैसे नेमके कशासाठी मोजावेत, हे मला ठरवता येत नाही. लाकूड, पिकअप (तारांच्या कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा भाग) आणि जुनाट दिसण्यासाठी मुद्दाम केलेली झीज यांपैकी प्रत्येकाचे पैसे तो वेगळे लावतो. फिंगरबोर्डसाठी (बोटांखालील फळीसाठी) ब्राझिलियन रोजवूड घ्यावे असा त्याचा आग्रह आहे आणि गिटारीच्या डोक्यावर (खुंट्या असलेल्या टोकावर) मूळ कंपनीचे नाव हवे का, अशीही विचारणा त्याने केली आहे. शिवाय असे वाद्य आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात टिकेल का, याची काळजी आहेच. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तारा_आणि_लाकूड

आपण प्रथम नेकच्या (गिटारीच्या मानेच्या) बॉडीशी असलेल्या जोडाची चौकशी करावी, कारण वाद्य तयार झाल्यावर तो दिसत नाही आणि बदलताही येत नाही. जुन्या लेस पॉलमध्ये महोगनीच्या नेकची लांब जीभ बॉडीतील खाचेतून थेट पुढच्या पिकअपच्या पोकळीपर्यंत पोहोचते आणि सरसाने चिकटवलेली असते. पुढे १९७० च्या दशकापर्यंत कारखान्यात ही जीभ आखूड होत गेली. जोड बसवण्यापूर्वीचे छायाचित्र कारागिराकडून अवश्य मागवावे. जुन्या वाद्याचे डोके १७ अंशांनी मागे झुकलेले असते आणि नेक एकाच लाकडातून कोरलेला असल्यामुळे त्या वळणावर लाकडाचे धागे आखूड पडतात. गिटार स्टँडवरून पडली की ती नेमकी तेथेच मोडते, म्हणून नेकसाठी सरळ धाग्याची फळी निवडली आहे याची खात्री करून घ्यावी. पूर्ण वाद्याचे वजन ४ किलोच्या आसपास राहील अशी हलकी महोगनी मिळाली, तर चार तास उभे राहून वाजवणाऱ्या खांद्याला तो फरक निश्चित जाणवेल.

पिकअपवर मी मोकळ्या मनाने खर्च करीन. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी रचलेल्या हंबकरच्या (विजेची गुणगुण दाबण्यासाठी तारेच्या दोन गुंडाळ्या असलेल्या पिकअपच्या) पेटंटचा अर्ज १९५५ मध्ये झाला आणि पेटंट १९५९ मध्ये मिळाले. दरम्यानच्या काळात पिकअपच्या तळाशी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी लावली जात असे, आणि तीवरून त्यांना पीएएफ हे नाव पडले. त्या काळी गुंडाळणीचे वेढे काटेकोर मोजले जात नसत, त्यामुळे दोन गुंडाळ्यांमध्ये वेढ्यांची संख्या कमीजास्त राही. या असमानतेमुळे गुणगुण संपूर्णपणे नाहीशी होत नाही. मात्र वरचे स्वर अधिक मोकळे ऐकू येतात, आणि आपल्याला ओढ लावणाऱ्या आवाजाचा मोठा भाग तेथे आहे असे माझे ठाम मत आहे. मूळ पिकअप मेणात बुडवलेले नसत. लग्नाच्या मंचावर स्पीकर पाठीशी असताना असे पिकअप शिट्टी मारू लागतात, म्हणून मेणाचा हलका हात फिरवून घ्यावा. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण वाद्य मंचावर वाजवण्यासाठी घेतले जात आहे. टोनच्या बटणाचा कपॅसिटर व्हॉल्यूमच्या बटणातून बाहेर पडणाऱ्या टोकाला जोडण्याची पन्नासच्या दशकातील पद्धत मात्र जशीच्या तशी ठेवावी. तिच्यामुळे व्हॉल्यूम कमी केला तरी आवाज मळकट होत नाही, आणि तिला वेगळा खर्चही नाही.

ब्राझिलियन रोजवूड १९९२ पासून साइट्स या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. त्याची कायदेशीर कागदपत्रे हाती येत नसतील, तर ते स्पष्ट शब्दांत नाकारावे. आपला शिसव त्याच कुळातला आहे, घट्ट आहे आणि जगभरच्या उत्तम गिटारींवर वापरला जातो. वाद्यवृंदात ढोलकी आणि कीबोर्डसोबत वाजवताना त्या दोन लाकडांतील फरक कोणाच्या कानी पडेल असे मला वाटत नाही.

हवामानाबाबत आपली काळजी रास्त आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो आणि दुपारची हवा अतिशय कोरडी असते. लाकूड आडव्या दिशेने आकसते, फ्रेटची (फिंगरबोर्डवरील आडव्या धातूपट्ट्यांची) धातू मात्र आकसत नाही, त्यामुळे फ्रेटची टोके कडेला बोचू लागतात. लेस पॉलच्या कडेला पांढरी पट्टी असल्याने ती टोके पट्टीवर दाब देतात आणि फ्रेटपाशी बारीक तडे जातात. नेकही मागे वाकून तारा खडखडतात. तेव्हा ट्रस रॉड (नेकचा वाक साधणारी आतली सळई) थोडा सैल करावा आणि पावसाळा सुरू झाल्यावर पुन्हा तपासावा. गिटार बंद पेटीत ठेवून आत ओलाव्याची पुडी आणि छोटा आर्द्रतामापक ठेवावा; ४५ ते ५५ टक्के आर्द्रता तिला मानवते. कूलरच्या झोतासमोर ती कधीही ठेवू नये, कारण दिवसा दमट आणि रात्री कोरडी अशी उलथापालथ सततच्या कोरडेपणाहून वाईट असते. अशा गिटारीवर चढवल्या जाणाऱ्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचा (रोगणाचा) आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावा: स्टँडवरील रबर किंवा रेक्झिनच्या संपर्कात ते मऊ पडून चिकटते आणि उष्णतेत हे लवकर घडते. स्टँडला सुती कापड गुंडाळावे; आपल्या शहरात टॉवेलचा तुकडा मिळणे अवघड नाही.

अशोक_चौक

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु गुणगुणीच्या मुद्द्याला अधिक वजन द्यावे असे वाटते. माझ्याकडे फेंडर कंपनीच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीची हातघडणीची प्रतिकृती आहे. घराच्या आसपास यंत्रमाग चालू असताना तिचे एकेरी गुंडाळीचे पिकअप ५० हर्ट्झची गुणगुण उचलतात आणि ॲम्पचा आवाज वाढवला की ती असह्य होते. मूळ रचनेत मधले पिकअप उलट गुंडाळलेले नव्हते आणि स्विचही तीनच जागांचा होता (पाच जागांचा स्विच कारखान्यातून १९७७ मध्ये आला), त्यामुळे प्रामाणिक प्रतिकृतीत दोन पिकअप एकत्र लावूनही सुटका होत नाही. मी आतल्या पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा लावून घेतला आणि घरातील अर्थिंग नव्याने करून घेतले. त्यातील अर्थिंगचा उपयोग अधिक झाला. आपण हंबकरचे वाद्य घेत आहात हे चांगलेच आहे, पण दोन गुंडाळ्यांतील फरक अगदी थोडाच ठेवण्यास कारागिराला सांगावे. शहराच्या पूर्व भागात कार्यक्रम असेल, तर त्याचे मोल लगेच कळेल.

भीमातीर

डोक्यावर मूळ कंपनीचे नाव घालू नये. ते नाव नोंदणीकृत आहे, आणि आज आपल्याला खरे काय ते माहीत असले तरी वाद्य पुढे तिसऱ्या हाती गेल्यावर फसवणुकीचे साधन ठरू शकते. जपानी कंपन्यांनी सत्तरच्या दशकात हुबेहूब नकला केल्या, तेव्हा गिब्सनच्या पालक कंपनीने १९७७ मध्ये अमेरिकेत आयबानेझ या जपानी गिटारींच्या वितरकावर डोक्याच्या आकारावरून दावा दाखल केला होता, आणि तो न्यायालयाबाहेर मिटला. त्याच काळातील टोकाई या जपानी कंपनीच्या गिटारींवर टोकाईचेच नाव होते, आणि तरीही आज त्यांना आदराने विचारले जाते. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तानपुरे घडवणारे कारागीर आपल्या कामावर आपलेच नाव घालतात. त्यांना लागणारे भोपळे आपल्या जिल्ह्यात भीमेच्या काठी पिकतात, हे येथे अभिमानाने नमूद करतो. या कारागिराचे काम खरोखर चांगले असेल, तर त्याचे नाव डोक्यावर असणे हा त्याचा हक्क आहे.

मुद्दाम केलेल्या झिजेविषयी माझे मत कदाचित कठोर वाटेल. जुन्या सनबर्स्टचा लाल रंग उन्हात उडून पिवळसर झाला, कारण तो रंग उजेडाला टिकणारा नव्हता. लॅकरला तडे गेले, कारण ते थंडी-उन्हाच्या फरकात आकसले. हे सारे आपल्या उन्हात आपोआप घडणार आहे. त्यासाठी वेगळे पैसे देण्याऐवजी लॅकर पातळ चढवून घ्यावे, आणि वाचलेली रक्कम फ्रेट समपातळीत घासून घेण्यासाठी राखून ठेवावी. हे काम कोरड्या हवेत लाकूड स्थिरावल्यावर, म्हणजे पहिल्या उन्हाळ्यानंतर करून घेणे योग्य ठरेल.

जुळे_सोलापूर

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. शिसवाचा फिंगरबोर्ड, कारागिराचे स्वतःचे नाव आणि झिजेविना पातळ लॅकर, असे आज त्याला कळवले आहे. नेकच्या जाडीचा प्रश्न मात्र उरला आहे. तो १९५९ चा भरदार गोल नेक सुचवतो. माझा हात लहान आहे, म्हणून १९६० चा सडपातळ नेक घ्यावा का?

तारा_आणि_लाकूड

हात लहान असला म्हणून सडपातळ नेक सोयीचा होतोच असे नाही. भरदार नेकवर अंगठ्याला आधार मिळतो आणि दीर्घ कार्यक्रमात तळहात कमी दुखतो, असा माझा अनुभव आहे. नेक जाड असला तर नंतर घासून कमी करता येतो, पातळ झालेला मात्र वाढवता येत नाही. त्यामुळे सध्या आपण सर्वाधिक वाजवता त्या गिटारीच्या नेकची जाडी पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी व्हर्निअरने मोजून कारागिराला कळवावी, आणि लॅकर चढवण्यापूर्वी कच्चा नेक एकदा प्रत्यक्ष हातात धरून पाहण्याची अट मागणीपत्रात लेखी घालून घ्यावी.